सुरमई कापायचा हात

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
२ एप्रिल १९९६

चि. सौ. मालनला थोरल्या जावेचा, मनुबाईचा आशीर्वाद.

शिमग्याच्या भांडणात तू दर्याची शपथ घेऊन गेलीस, की मनुवैनीच्या दारात पाय ठेवणार नाही. मीसुद्धा तुझ्या डोंबिवलीच्या ब्लॉकचे जिने चढायची नाही. शेजारणीकडून फोन करावा तर अख्खी आळी कान लावून बसते. म्हणून हे पत्र. सातवी पास आहे मी, लिहिता येतं. अक्षराला हसू नकोस. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं मेल्यासारखी झालीत, हातात पेन धरलंय की काडी तेच कळत नाही. तुला काय सांगायचं म्हणा, तुझंही तेच रडगाणं आहे.

आता मुद्दा ऐक. आय मासळीबाजारातून उठतेय. आपली सासू आवडाबाई, जी सख्ख्या भावाच्या मयताच्या दिवशीसुद्धा बाजार करून मग रडायला गेली, ती उठतेय. गुडघे गेले. काल आमच्या ह्यांना आणि मला समोर बसवून म्हणाली, "माझी छपराखालची जागा थोरलीची नाही आणि धाकटीचीही नाही. आपल्याकडे जागा हाताची असते. माझ्या सासूने मला बाजारात सगळ्यांसमोर सुरमई कापायला लावली आणि मग बसवलं. नारळी पुनव झाली, होड्या दर्यात गेल्या, की पहिल्या बाजाराला दोघींनी माझ्यासमोर सुरमई कापायची. जिचा तुकडा सरळ, ती बसेल. दोघींचे हात नाही चालले तर माझी लेक आहेच कळव्याला."

वीस वर्षं मी तिच्या पाठीमागे बसून बर्फ फोडला, कोलंबी सोलली, खवल्यांत न्हाले. तू लग्न झाल्यावर वर्षभरात नामाभावोजींना उचलून डोंबिवलीला पळालीस. आणि आज दोघी एका रांगेत! म्हातारीला सुना झुंजवायला आवडतात, दुसरं काय.

मी पुढच्या आठवड्यात उजव्या हाताचं ऑपरेशन करून घेतेय, सरकारी दवाखान्यात. तू तुझं बघ.

मनुबाई


डोंबिवली पश्चिम
११ एप्रिल १९९६

मनुवैनींना मालनचा नमस्कार.

पत्र पोचलं. तुम्ही आपण होऊन मला बातमी कळवलीत हे वाचून मला आधी घाम फुटला. मग कळलं, आयनेच लिहायला लावलं असणार. नाहीतर पुनव उलटून गेल्यावर मला कळलं असतं, की जागेवर तुम्ही पाट टाकून बसलात.

वीस वर्षं बर्फ फोडलात म्हणता. वैनी, तुमच्या डोक्यावर छप्पर तरी होतं. मी इथे फुटपाथवर टोपली घेऊन बसते. कधी गाडी येईल आणि मासळीसकट टोपली उचलून नेईल याचा नेम नाही. त्यात ह्यांच्या कंपनीला फेब्रुवारीपासून टाळं आहे. हे दिवसभर खाटेवर पडून वर बघतात. मला ती जागा हवी आहे, वैनी. हौस म्हणून नाही. माझ्या घरात दुसरं काही उरलेलं नाही.

आणि हात म्हणाल तर कापण्यात मी तुमच्यापेक्षा सरस आहे हे आयला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. उगाच का तुम्हाला पाठीमागे बसवून कोलंबी सोलायला दिली तिने?

ऑपरेशन झालं की कळवा कसं काय ते. देव तुम्हाला बरं करो, पण फार लवकर नको.

मालन


ठाणे
६ मे १९९६

मालन,

तुझा आशीर्वाद पोचला. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, मी जिवंत आहे.

आता नीट वाच, कारण हे तुझ्या कामाचं आहे. डॉक्टरने मला चित्र काढून समजावलं. मनगटात आडवा एक पट्टा असतो, करगोट्यासारखा. त्याच्याखालून नस जाते. तीच अंगठ्याला आणि दोन-अडीच बोटांना जीव देते. आपण जन्मभर हात वाकवून कोलंबी सोलतो, कोयत्यावर मासा दाबतो, तिथे सूज येते आणि नस पट्ट्याखाली चेंगरते. पट्टा कापला की नस सुटली. एवढंच ऑपरेशन.

ते दोन तऱ्हेने करतात. माझं केलं ते उघडं. तळहातावर उभा चिरा दिला, पट्टा उघडा केला, नस बाजूला धरली आणि डोळ्यांनी बघून कापला. टाके निघाले. बोटांत जीव आला, चहाचा कप गरम लागतो आता! पण तळहात दुखतो. चिऱ्याच्या दोन्ही अंगांना दाबलं की जीव जातो, आणि नेमकं तिथेच आपण मासा दाबतो. डॉक्टर म्हणाले, पूर्ण जोर यायला तीन महिने लागतील.

दुसरी तऱ्हा दुर्बिणीची. मनगटाला इवलासा छेद, आत नळी, आणि डॉक्टर टीव्हीवर बघत आतल्या आत पट्टा कापतो. तळहाताला धक्का नाही, तीन आठवड्यांत बाई कामाला. मी डॉक्टरांना विचारलं, मग माझं का नाही केलं तसं? ते म्हणाले, "मावशी, ज्याचा हात बसलाय त्याच्याकडे ते झकास. पण पट्टा आणि नस अगदी शेजारी-शेजारी असतात. नुकताच शिकून आलेला असेल तर ती आंधळी कोशिंबीर आहे. पट्ट्याऐवजी नस गेली तर हात गेला."

तुमच्या डोंबिवलीत एकाने नवीन मशीन आणलंय, पाट्या लावल्यात असं ऐकते. त्याच्याकडे जाऊ नकोस. माझ्या डॉक्टरांकडे ये, उघडं करून घे. यंदा अधिक महिना आहे, पुनव ऑगस्टच्या शेवटाला गेलीय. आत्ता केलंस तर तुझा हात वेळेवर येतो.

मनुबाई


डोंबिवली
२० मे १९९६

मनुवैनी,

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "वैनी बरोबर सांगते." मी म्हटलं, तुम्ही झोपा.

वैनी, मी काय काल लग्न होऊन आले? मी कोकम म्हटलं की तुम्ही चिंच घालणार आणि तुम्ही चिंच म्हटलीत की मी कोकम, हे आपलं पहिल्या दिवसापासूनचं. हळदीच्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, हिरवी साडी नेस, आय खूश होईल. मी हिरवी नेसले आणि आयने सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केला. तेव्हापासून कानाला खडा. मनुवैनी पूर्व म्हणाल्या की मालनने पश्चिमेला जायचं.

आता तुम्हीच लिहिता की तुमचा तळहात दुखतो, जोर यायला तीन महिने. आणि मलाही तोच चिरा घ्यायला सांगता. म्हणजे दोघी दुखरे हात घेऊन आयसमोर बसू आणि तुम्ही थोरल्या म्हणून जागा तुमच्या पदरात. वा गं वैनी! मला तीन आठवड्यांत बरं करणारा आहे तो डॉक्टर वाईट, आणि तीन महिने घरी बसवणारा तो देव!

मी भेटून आले त्या दुर्बीणवाल्याला. तरणा आहे, गोरा आहे, बोलायला गोड. मशीन काचेच्या कपाटात ठेवलंय. मी जुलैअखेर करणार. तोपर्यंत खाडीची मासळी विकते. पुनवेला माझा हात ताजा आणि तुमचा जुनापुराणा.

मालन


ठाणे
१५ जुलै १९९६

मालन,

शेवटचं सांगते. मग म्हणू नकोस वैनीने सांगितलं नाही. त्या पोराला विचार, आजवर किती हात केलेस. उत्तर देताना हसला तर चप्पल पायात घाल आणि परत ये. माझ्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवलंय, तुला नंबर लगेच देतील. पुनवेला हात जरा दुखेल, पण हात असेल.

मी सुरमई नाही तरी बांगडे कापायला लागले. आय बघत बसते.

ऐकायचं तर ऐक. नाहीतर तू आणि तुझं नशीब.

मनुबाई


डोंबिवली
६ ऑगस्ट १९९६

मनुवैनींना मालनचा साष्टांग नमस्कार! साष्टांग, कारण दोन्ही हात टेकता येतात मला!

झालं ऑपरेशन. आठ दिवस होऊन गेले. नुसता हात बधिर केला आणि टीव्ही माझ्याच बाजूला. माझ्या हाताच्या आतलं मी बघितलं, पांढरं पांढरं, बोंबलाच्या पोटासारखं. दहा मिनिटांत बाहेर. सोबत आलेली शेजारीण चहा प्यायला गेलेली, ती परत यायच्या आधी मी बाकावर येऊन बसलेली. मनगटावर एक टाका. एकच! तळहात गुळगुळीत, जसाच्या तसा. तुमच्यासारखं तळहातावर रेल्वेचे रूळ काढून घेतले नाहीत मी.

त्या पोराला विचारलं बरं का, किती केलेस. हसला. म्हणाला, "बऱ्याच मावश्यांचे केलेत." हसणं म्हणजे गुन्हा आहे का, वैनी? तुमच्या घरात असेल.

बोटं जरा झोपलेली आहेत अजून. त्या इंजेक्शनचा अंमल असणार. पण पूर्वीच्या मुंग्या बंद, ठणका बंद, सगळं शांत. परवा भाकरी उलटताना बोट तव्याला लागलं आणि मला वासावरून कळलं, इतकी शांतता! अंगठा थोडा आळशी झालाय, पोळीचा तुकडा मोडताना पडतो. हे म्हणाले, डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, टाका काढायला जायचंच आहे, तेव्हा विचारीन.

पुनवेला भेटू. पाट धुऊन ठेवा, माझ्यासाठी.

मालन


ठाणे
१० ऑगस्ट १९९६

प्रिय मालन,

तुझं पत्र वाचून समाधान झालं. मी उगाच घाबरवलं तुला. म्हातारं माणूस नव्या गोष्टीला भितं, तसं झालं माझं.

बोटांची काळजी करू नकोस. माझीही अशीच झोपली होती, महिनाभर. मी लाजेने लिहिलं नव्हतं. मग एक दिवस आपोआप जागी झाली. नस इतकी वर्षं चेंगरलेली, तिलाही विश्रांती नको का? डॉक्टरकडे सारखं जाऊन बसलीस तर ते लोक आणखी काहीतरी काढतात. गरम पाण्याने शेक, तिळाचं तेल लाव आणि पुनवेपर्यंत हाताला आराम दे. कोयता अजिबात धरू नकोस, बाजाराच्या दिवशीच धर.

नामाभावोजींना सांग, बायकोच्या हाताला नजर लावू नका.

तुझी,
मनुवैनी


डोंबिवली
१४ सप्टेंबर १९९६

मनुवैनी,

हे अक्षर ह्यांचं आहे. मी बोलतेय, हे लिहितायत. एकही शब्द गाळायचा नाही, शिव्यासुद्धा, असं बजावलंय.

त्या दिवशी बाजारात काय झालं ते तुम्ही समोर बसून बघितलंत, तरी सांगते. कारण तुम्ही बघत होतात तेव्हा मी तुम्हाला बघत होते. सुरमई माझ्या हातात होती की नव्हती हे मला डोळ्यांनी बघावं लागत होतं. मी कोयता पायाखाली धरला, मासा दाबला, तो सटकला. पुन्हा दाबला. बायका ओरडल्या, "अगो रक्त!" तेव्हा मी खाली बघितलं. दोन बोटं हाडापर्यंत कापलेली आणि मला काही नाही. काही म्हणजे काही नाही, वैनी. मला वाटलं मासळीचंच रक्त आहे. कळव्याची हौसाबाई, आयची लाडकी लेक, तोंडाला पदर लावून हसली. आणि तुम्ही तुमचा मासा उचललात. खाली बघून, शांतपणे.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हात उलटसुलट केला, सुया टोचल्या. म्हणाले, नस कापली गेलीय. पट्ट्याऐवजी नस गेलीय. टाका काढायच्या वेळेला बोटं झोपलेली आहेत म्हणून कुणी सांगितलं असतं, लगेच उघडून बघितलं असतं, तर जोडायची आशा बरीच होती. आता उघडून बघतो म्हणाले, पण कोयता धरायचं विसरा.

मी टाका काढायला गेलेले तेव्हा तो पोरगा विचारत होता, "मावशी, बोटं कशी आहेत?" मी म्हटलं, छान आहेत. तुमचं पत्र तेव्हा माझ्या पिशवीत होतं. मी मनात म्हटलं, वैनींचीही महिनाभर झोपली होती, आता याला सांगितलं तर हा पुन्हा चिरा देईल आणि पुनव हुकेल.

तुमची बोटं झोपलीच नव्हती. मेच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, चहाचा कप गरम लागतो. ते पत्र मी आज काढून वाचलं. मी गाढव.

वैनी, आयुष्यात तुम्ही मला खरं सांगितलंत ते मी फेकून दिलं आणि खोटं सांगितलंत ते उराशी धरलं. मला एवढंच सांगा. मे महिन्यात तुम्ही खरं का सांगितलंत? तुम्ही म्हणाला असतात, जा त्या दुर्बीणवाल्याकडे, तर मी मेले तरी गेले नसते. उघडं करून घेतलं असतं. आज माझा हात असता. मी लहान तोंडी मोठा घास घेतला असेन, तुम्हाला टोचून बोलले असेन, पण मी तुमच्या ताटात विष नाही कालवलं. का सांगितलंत खरं?

मालन


ठाणे
२२ सप्टेंबर १९९६

मालन,

म्हणूनच तर सांगितलं.

तू एवढी शहाणी, तुला आत्ता कळलं? मी पूर्व म्हटलं की तू पश्चिमेला जातेस, हे मला पहिल्यापासून ठाऊक, मग तर तूच लिहूनही दिलंस. मग मी काय करणार होते? तुला नको त्या दारात पाठवायचं होतं, तर त्या दारात जाऊ नको असंच सांगायला लागणार. जुलैत पुन्हा सांगितलं, कारण मला वाटलं तू भिऊन माझ्या डॉक्टरांकडे येतेस की काय. नाही आलीस. जुनी सवय आहे तुझी, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हे पत्र कुणाला दाखवायचं तर दाखव. पंचासमोर वाच. मी तुला उत्तमातला उत्तम सल्ला दिला, दोनदा दिला, आणि तू तो मोडलास. कोणता पंच मला नाव ठेवील?

ऑगस्टच्या पत्राचं म्हणशील तर ते मी रागाने लिहिलं. रेल्वेचे रूळ म्हणालीस ना? म्हणून लिहिलं. भाजल्याचं तुला वासावरून कळलं हे वाचलं, तेव्हाच मला कळलं होतं तुझा हात गेला. पोळीभाजी करता करता दोनदा वाचलं ते वाक्य. घाबरले, खोटं कशाला बोलू. पण मग तुझं ते "पाट धुऊन ठेवा" वाचलं आणि पेन घेतला.

वीस वर्षं, मालन. तिच्या पाठीमागे बसून मी म्हातारी झाले. मला पोटचं काही नाही, मला ती जागाच होती. आणि ती म्हातारी म्हणते, दोघींनी कापा! आपला उजव्या हाताचा चुडा लग्नात दर्याला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. तू हातच दिलास. दर्या नामाभावोजींना चांगला सांभाळेल आता.

मी त्या दिवशी सुरमई कशी कापली ते कुणाला माहीत नाही. मासा दाबला तेव्हा तळहातातून खांद्यापर्यंत कळ गेली, पदर दातात धरला, तुला वाटलं शांत बसलेय. तुकडा सरळ पडला. जागा माझी. आयने तुझी चौकशी एकदाच केली. म्हणाली, "धाकटीचं रक्त फळीवरून धुतलं का?" धुतलं म्हटलं.

आता कामाचं बोलते. तुझ्या घरात काय शिजतंय ते मला कळव्याकडून कळतं. टोपली गेली, नामाभावोजी खाटेवर. माझ्या मागे एक जागा रिकामी झालीय, जिथे मी बसायचे. माशा हाकायला आणि पिशव्या उघडून धरायला माणूस लागतं. त्याला डावा हात पुरतो. मी दया करत नाही, तुला दया पचायची नाही. काम आहे म्हणून सांगते. संध्याकाळी उरलेली मासळी घेऊन जा.

ये असं मी म्हणते. आता तू उलटं कर, बघू.

मनुबाई


डोंबिवली
३० सप्टेंबर १९९६

मनुवैनी,

हे डाव्या हाताने लिहितेय. ह्यांना पत्र दाखवलं नाही, चुलीत घातलं.

सोमवारी येते. माशा हाकीन, पिशव्या धरीन, फळी धुवीन. कोलंबी सोलायला सांगू नका, ते होणार नाही. आयच्या पाया पडायला लावू नका.

गिऱ्हाइकांसमोर मला लुळी म्हणू नका. एवढंच मागते. म्हणालात तरी येईन.

मालन